येणे बाकी : एक मिस्ड कॉल

कॅश जुळल्याशिवाय कॅशियरनं घरी जायचं नाही, हा बँकेतला सगळ्यात जुना नियम. माझ्यापुरता त्याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. रात्री नऊ वाजता राळेगणसिद्धीहून आत्याचा मिस्ड कॉल आल्याशिवाय मी झोपायचं नाही. पहिला नियम बँकेनं केला, दुसरा आत्यानं. पहिल्याला साहेबांच्या सहीनं अपवाद होऊ शकतो.

राळेगणसिद्धी म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे अण्णा हजाऱ्यांचं?" मी म्हणतो, "हो, आणि आमच्या आत्याचंही." आत्याला मूलबाळ नाही. मामा गेले, पाठोपाठ माझे वडील गेले, तेव्हापासून तिच्या माहेरचा म्हणून मी एकटाच शिल्लक. ती पुण्याला येऊन राहायला तयार नाही. "तुमच्या फ्लॅटीत सकाळचं ऊन बी इचारून येतं," असं तिचं म्हणणं. तेव्हा तडजोड म्हणून मी तिला एक बटणांचा फोन घेऊन दिला आणि एक नंबरच्या बटणावर माझा नंबर घालून दिला.

पुढची सगळी दूरसंचारनीती आत्यानं स्वतः ठरवली. एक रिंग म्हणजे 'बरी हाय'. दोन रिंगा म्हणजे 'सवडीनं फोन कर'. तीन म्हणजे 'हातातलं टाकून कर'. रिंग मोजायची, फोन उचलायचा नाही. एकदा मी सवयीनं उचलला, तर पलीकडून, "उचललास कशाला मेल्या? गेला की माझा रुपाया!" असा आशीर्वाद मिळाला आणि पुढचं त्या रुपयातच बसवायला हवं म्हणून ती मला पूर्ण मिनिटभर बोलली.

तुम्ही म्हणाल, काय हा चिक्कूपणा! पण वाचकहो, त्या काळाचे भाव आठवा. या देशात पहिला मोबाइल फोन झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखरामांना केला. कंपनी होती मोदी टेल्स्ट्रा. म्हणजे मोदी आपल्याकडचे आणि टेल्स्ट्रा ऑस्ट्रेलियाची. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत असे, आणि आलेला फोन उचलला तर त्याचेही पैसे पडत. म्हणजे पाहुण्यानं दार वाजवायचे पैसे द्यायचे आणि आपण उघडायचे! येणारे फोन फुकट व्हायला २००३ साल उजाडावं लागलं. अशा देशात दार वाजवून पळून जायची कला जन्माला आली नसती तरच नवल. जगभरच्या कंपन्यांनी आमच्यासाठी यंत्रं आणली, मनोरे उभारले. त्या यंत्रातून एक पैसाही न देता निरोप कसा पाठवायचा हा शोध मात्र आमचा.

आणि कंपन्या तरी किती! माझ्या बी. कॉम.च्या पुस्तकात 'परकीय भांडवल' या धड्याला दोन पानं होती. त्या दोन पानांवरचा सगळा माल पुढं माझ्या डोळ्यांदेखत मोबाइलच्या दुकानाबाहेर छत्र्या लावून बसला. मुंबईत हाँगकाँगची हचिसन आली. तिच्या एकाच सिमकार्डानं घर न बदलता पाच नावं लावली. आधी मॅक्स टच, मग ऑरेंज, मग हच, मग व्होडाफोन आणि आता व्हीआय. इतकी नावं आमच्याकडे एखाद्या सुनेनं उखाण्यात घेतली असती तर चौकशी झाली असती. बाकीच्या महाराष्ट्रात बिर्ला आणि अमेरिकेची एटी अँड टी अशी जोडी आली. पुढं त्यांना टाटा मिळाले आणि तिघांच्या अद्याक्षरांवरून लोकांनी त्या कंपनीचं नाव पाडलं 'बटाटा'. इतक्या मोठ्या तीन घराण्यांचा इतका योग्य गुणाकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. २००२ मध्ये त्यांनी घाईघाईनं 'आयडिया' हे नाव घेतलं. २००६ पर्यंत अमेरिकन गेले, टाटाही गेले, आणि बटाट्यातला एकटा 'ब' तेवढा उरला.

मी आत्यासाठी ही सगळी भाजी रोज निवडत असे. वाणिज्य पदवीचा जन्मात दुसरा उपयोग झाला नव्हता. कुणाचा दर किती, कुणाची मुदत किती, कुणाच्या शंभर रुपयांत शंभर रुपये मिळतात आणि कुणाच्यात ऐंशी, याचे तक्ते मी बँकेच्या व्हाउचरांच्या पाठीवर मांडत होतो. २००९ मध्ये टाटांनी जपानच्या डोकोमोबरोबर 'सेकंदाला एक पैसा' हा दर काढला. खिशात कुठंही नसलेला पैसा त्या वर्षी फक्त फोनमध्ये चालू लागला. आत्या मिनिटाचे सेकंद करून बोलायला शिकली. "बराय-ना-पोरं-बरी-ना-ठेवते" हे वाक्य ती चार पैशांत म्हणत असे.

त्याआधी मी तिला एका कंपनीचं 'लाइफटाइम' कार्ड घेऊन दिलं होतं. एकदा पैसे भरा, जन्मभर फोन घ्या. आत्यानं विचारलं, "जनमभर म्हंजे कुनाचा जनम?" मी हसलो. हसायला नको होतं. कारण या 'लाइफटाइम'चा खरा अर्थ कंपनीच्या परवान्याची मुदत असेपर्यंत, असा होता. ग्राहकाचा जन्म हिशेबात नव्हताच. यथावकाश त्या कंपनीनं गाशा गुंडाळला. आजीव सभासद आत्या ठणठणीत होती. आजीव होती ती कंपनीच गेली. मी आत्याचा नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत नेला. २०११ पासून तशी सोय झाली होती. मग तीही कंपनी आवरली आणि आत्या तिसऱ्या घरी नांदायला गेली. २०२४ मध्ये जिल्ह्याचंही नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आत्या म्हणाली, "समदी नावं बदलत्यात. माझा नंबर तेवढा त्योच हाय बघ."

याच २०११ साली राळेगणसिद्धी साऱ्या देशाला माहीत झालं. ज्या टूजी परवान्यांवरून देश पेटला होता, ते १२२ परवाने जानेवारी २००८ मध्ये वाटले होते, आणि तेही २००१ च्या भावानं. नॉर्वेची टेलेनॉर, रशियाची सिस्टेमा, अमिरातीची एतिसलात हे पाहुणे या ना त्या परवान्याचं बोट धरून मांडवात आले होते. महालेखापालांनी नुकसानीचा आकडा काढला होता एक लाख शहात्तर हजार कोटी. एवढी शून्यं मी बँकेत फक्त शिल्लक रकमेत पाहिली आहेत. एप्रिलमध्ये अण्णा दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले आणि आंदोलनाला पाठिंबा म्हणून एका मुंबईच्या नंबरावर मिस्ड कॉल द्या, असं आवाहन झालं. पाहा, घोटाळा टेलिफोनचा, निषेध टेलिफोनवरून आणि बिल शून्य! मिस्ड कॉलचा इतका मोठा सन्मान कधी झाला नव्हता.

मी उत्साहानं आत्याला फोन करून नंबर सांगितला. ती म्हणाली, "आरं, अण्णा आमच्या यादवबाबाच्या देवळात ऱ्हातो. त्याला पाठिंबा द्यायला म्या मुंबैला रिंग कशाला देऊ? आला की देवळातच सांगते."

फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते १२२ परवाने रद्द केले. पुढं डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे परवाने गेले, आरोपी सुटले, आणि मधल्या मधे पाहुण्यांचं सामान स्टेशनवर राहिलं. व्होडाफोनची तऱ्हा आणखी निराळी. २००७ मध्ये तिनं हचिसनचा ६७ टक्के हिस्सा सुमारे अकरा अब्ज डॉलरला घेतला. करखात्यानं म्हटलं, यावर कर द्या. कंपनी म्हणाली, सौदा केमन बेटांवरच्या कंपनीचा झाला. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी सरकारनं कायदाच मागच्या तारखेपासून बदलला आणि २०२१ मध्ये तो मागंही घेतला. मागच्या तारखेची एंट्री मी केली असती तर माझी चौकशी लागली असती.

आत्याला हे सगळं मी एकदा समजावून सांगत होतो. २०१० च्या लिलावात थ्रीजीच्या लहरींसाठी कंपन्यांनी सदुसष्ट हजार कोटींवर रुपये मोजले, इथपर्यंत आलो. ती बाजरी पाखडायची थांबली.

"कशाच्या लहरी?"

"हवेतल्या. डोळ्यांना दिसत नाहीत."

"हवा इकत घेतली?" तिनं सूप खाली ठेवलं. "आमी पानी अडवलं म्हनून गाव उभं ऱ्हायलं. हवा अडवून कोन उभं ऱ्हायलं, सांग की."

मला सांगता येईना. ज्या गावानं बांध घालून ओढ्याचं पाणी जमिनीत जिरवलं, आणि ज्या गावाच्या धान्य बँकेत नेलेलं धान्य सुगीला थोडं वाढवून परत करायचं असतं, त्या गावातल्या बाईला दूरसंचार खात्याचा ताळेबंद समजावणं सोपं नाही. शिवाय ती खोटं बोलत नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, बोलणं फुकट झालं, आणि हवा विकत घेतलेल्यांची हवाच गेली. सिस्टेमा दुसऱ्यात मिसळली, टेलेनॉर एअरटेलच्या हवाली झाली, डोकोमो भांडून पैसे घेऊन गेली, मलेशियाच्या मॅक्सिसची एअरसेल दिवाळखोरीत निघाली. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि थकबाकीपोटी २०२५ पर्यंत त्या कंपनीचा जवळजवळ ४९ टक्के हिस्सा सरकारकडेच आला. आमच्याकडे कर्जदार हप्त्याऐवजी घराची अर्धी भिंत लिहून देऊ लागला तर मॅनेजर रजेवर जाईल. परदेशी लोक मात्र शहाणे झाले. फेसबुक आणि गूगल यांनी २०२० मध्ये स्वतः दुकान मांडण्याऐवजी जिओत भागीदारी घेतली.

असो. मूळ मुद्दा रात्री नऊचा.

एके रात्री नऊ वाजले, सव्वानऊ झाले, रिंग आली नाही. साडेनऊला मी फोन लावला. 'स्विच ऑफ.' दहाला पुन्हा तेच. शेजारच्यांचा नंबर माझ्या डायरीत होता. लावला, तर तो अस्तित्वातच नव्हता. ज्या कंपनीचा तो नंबर होता, ती कधीच मावळली होती. तेव्हा मला प्रथमच कळलं की कंपनी जाते म्हणजे काय जातं. पेपरात शेअरचा भाव जातो. इथं रात्री साडेदहाला आत्याच्या भिंतीपलीकडचा माणूस गेला होता. बायको म्हणाली, "बॅटरी संपली असेल." मीही म्हणालो, "बॅटरीच." आणि दोघंही पहाटेपर्यंत जागे राहिलो.

पहिल्या एसटीनं निघालो. फाट्यावर उतरून आत जाईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, ते इथं सांगत नाही. काही अजून थकीत आहे. आत्या ओट्यावर शेंगा निवडत बसली होती.

"आरं, मधल्या वारी कसा आलास? बँक बुडाली का काय?"

मला एकदम बोलता येईना. म्हणालो, "रात्री रिंग आली नाही."

"दिली व्हती की! तर मधीच कुनी बाई हिंदीत भांडाया लागली. म्हनलं, फोन तापला आसंल. बंद करून ठिवला. घिऊ दे रातभर इसावा."

मी फोन पाहिला. मुदत संपली होती. आणि वाचकहो, चूक माझीच होती. रीचार्ज मीच पुण्याहून करायचा. डायरीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'तीन महिने'. पण मोबाइलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. तीन महिने म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. वर्षाला तेरा महिने! ट्रायनं २०२२ मध्ये निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा असं कंपन्यांना सांगितलं, ते मी पेपरात वाचून बँकेत चारचौघांना ऐकवलंही होतं. लोकांच्या ठेवींची मुदत रोज दिवस मोजून सांगणारा मी, आत्याच्या मुदतीत आठ दिवस चुकलो होतो.

तिथंच ओट्यावर बसून मी एकदम वर्षाचं भरून टाकलं.

"वरसाचं कशाला भरलंस?" आत्या म्हणाली. "मी ऱ्हाते का न्हाय..."

"तू राहशील गं. कंपनी राहते का, ते बघायचं."

ती खुदकन हसली. मग मी धीर करून म्हणालो, "आता बोलणं फुकट आहे, आत्या. रिंग कशाला? रोज बोलत जाऊ की."

ती उठली, चुलीवर चहा ठेवला. दूध जरा जास्तच घातलं. पाठमोरीच म्हणाली, "बोलाया लागलं की तू इचारनार गुडघा कसा हाय. मी म्हननार बरा हाय. मग तू इचारनार जेवलीस का. मी म्हननार जेवले. बोलन्यात लई खोटं जातं, बाळा. रिंगमधी खोटं नसतं. दिली, म्हंजे हाय."

संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो. येताना शेजारच्यांचा नवा नंबर घेतला, आणि पलीकडच्यांचाही. गाडी वाघोलीच्या गर्दीत अडकून पडली होती. नऊ वाजता खिशातला फोन वाजला. मी तसाच बसून राहिलो.

शेजारचा प्रवासी म्हणाला, "साहेब, फोन वाजतोय तुमचा. उचला की."

"नाही," मी म्हणालो, "तो उचलायचा नसतो."

"मग वाजतो कशाला?"

त्याला मी समजावून सांगणार होतो. तेवढ्यात एकच रिंग देऊन फोन थांबला. दिवसाचा हिशेब जुळला होता. गाडी तशीच उभी होती, पण मला झोपायला हरकत नव्हती.