चंद्रीची खूण

भीमेच्या काठी ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या घोडी पाळली, त्या घरांत घोड्यांच्या स्तुतीची एक ठरीव भाषा असते, आणि तीत भीमथडी तट्टांच्या काटकपणापासून मराठी फौजांनी अटकेपर्यंत मारलेल्या मजलांपर्यंत सर्व काही येते; परंतु त्या भाषेत बसेल असा एकही गुण आमच्या चंद्रीच्या अंगी नव्हता. चालीला ती मंद, स्वभावाने हट्टी आणि वीण अशी तिच्यापासून कधी मिळालीच नाही. आजोबा तिला 'दाण्याचा खर्च' म्हणत. तरीही धाकट्या मुलीने परवा, "आपल्याकडे घोडे होते, मग ते गेले कुठे?" असे विचारले तेव्हा पागेतल्या साऱ्या जनावरांतून मला आठवली ती हीच.

तिची खोड एकच होती. सायंकाळी सर्व जनावरे अंगणातल्या दगडी डोणीवर पाणी पीत, आणि पाणी पिऊन झाले की इतर मुकाट पागेत जात असता चंद्री मात्र सरळ पडवीच्या कडेला येई, तेथे तांदूळ निवडीत बसलेल्या आजीच्या खांद्यावर मान टाकी आणि आपले ओले तोंड तिच्या पदराला, आधी एका बाजूने व मग दुसऱ्या बाजूने, सावकाश पुसून घेई. माझी आजी इतकी सोवळी, की वाळत घातलेल्या लुगड्याला मुलाचे बोट लागले तरी ते पुन्हा पाण्यातून काढायची; ती चंद्रीला 'मेली', 'अवदसा' असे काय काय म्हणे, पण त्या वेळेपुरते एक जुने इरकली लुगडे तिने निराळे काढून ठेवले होते आणि तांदूळ निवडायचे नसले तरी ती ते नेसून सूप घेऊन तेथे बसे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. जनावराला असे लाडावू नये, हे आजोबांचे मत होते व ती दोघे पडवीत असताना ते रोज ऐकवीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतील गोष्ट. मार्गशीर्षात, तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्ताची यात्रा आटोपून दक्षिणेकडे निघालेला एक व्यापारी आपल्या घोड्यांसह आमच्याकडे उतरला. त्यांतल्या एका सबज्या घोड्याची एक नाकपुडी वाहत होती. पण थंडीचे दिवस, आणि दारी आलेल्याच्या जनावराला पाणी नाकारण्याची आमच्याकडे चाल नव्हती. पौष संपण्याच्या आत आमच्या दोन घोड्यांच्या नाकांतून चिकट, पिवळट स्राव वाहू लागला, मागल्या पायावर दोरीला गाठी माराव्यात तशा गाठींची ओळ उठली आणि त्या फुटू लागल्या. ओव्याची धुरी झाली, खंडोबाचा भंडारा झाला. अखेर वर्दी गेली आणि जिल्ह्याहून पशुवैद्यकीय खात्याचे डॉक्टर आले. परळच्या, 1886 साली निघालेल्या महाविद्यालयात ते शिकलेले होते. त्यांनी चहा नाकारला, हात दोनदा धुतले आणि मग सांगितले, की हा ग्लँडर्स होय. तो डोणीच्या पाण्यातून, तोबऱ्यातून, खराऱ्यातून पसरतो, माणसालाही होतो, त्यावर औषध नाही, आणि 1899 च्या कायद्याप्रमाणे रोगी ठरलेले जनावर ठार करावेच लागते. ते कलम त्यांनी असे उच्चारले, की जणू ते स्वतःच आरोपी होते. वरवर निरोगी दिसणाऱ्या जनावरांचीही परीक्षा करायची होती: खालच्या पापणीत मॅलीन नावाची, त्याच रोगाच्या जंतूंपासून काढलेली लस टोचायची आणि अठ्ठेचाळीस तासांनी पाहायचे, डोळा सुजून पुवाने भरला, तर निकाल झाला.

"जनावरांना घरातले कोण हात लावते?" त्यांनी विचारले. सर्वांच्या माना आजीकडे वळल्या.

"मी कशाला हात लावते?" आजी म्हणाली. "तीच येते."

इरकली लुगडे जाळले गेले. आजीचे अंथरूण पडवीच्या टोकाला गेले आणि जन्मभर दुसऱ्यांना विटाळाचे नियम सांगणारी बाई स्वतः दुरून वाढलेल्या ताटावर जेवू लागली. आजोबांनीही आपले ताट पडवीतच, तिच्यापासून सांगितलेल्या अंतरावर, मांडावयास लावले; आत फार उकडते, असे त्यांनी पौषाच्या थंडीत कारण दिले.

लस टोचल्यानंतरची दुसरी रात्र मला अजून आठवते. पागेच्या दाराला दोर आडवा बांधला होता व मोतद्दाराखेरीज कोणी आत जाऊ नये असा हुकूम होता. चंद्रीला बादलीतून पाणी दिले; ते पिऊन झाल्यावर तिने पडवीच्या दिशेने मान ताणली, दावे ओढले, आणि मग रात्रभर खुंट्याशी तिची टापांची आदळआपट थांबली नाही. आजोबा कंदील घेऊन दोरापर्यंत जात आणि परत येत.

"सुजलाय का डोळा?" आजी घोंगडीतून विचारी.

"कंदिलाच्या उजेडात काही दिसत नाही."

थोड्या वेळाने ते पुन्हा जात, आणि पुन्हा तोच प्रश्न व तेच उत्तर होई. पहाटेच्या सुमारास ते परतले तेव्हा आजीने काही विचारले नाही. ते पायरीवर बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, की ही जन्मली ती रात्र धुवाधार पावसाची होती, शिंगरू जगत नाही असे मोतद्दारानेही सांगितले होते. तोंड-नाक पुसायला हाताशी काही नव्हते, म्हणून दोरीवरचे लुगडे ओढले.

"कुठलं लुगडं?"

"तुझंच. दुसरं कोणाचं असणार?"

"अहो, ते चोरीला गेलं म्हणून मी गड्याला किती बोलले होते!"

"ऐकलं होतं मी," आजोबा म्हणाले.

जन्मरात्रीचे स्मरण शिंगराला राहते, असे कोणत्याही शालिहोत्राने लिहिल्याचे मी वाचलेले नाही. आजीने मात्र त्या पहाटेपासून ते गृहीतच धरले.

सकाळी डोळा पार मिटला होता. पंचनामा झाला. इतर घोड्यांचे रंग, भोवरे, किमती आजोबांनी खडाखड सांगितल्या. चंद्रीच्या ओळीपाशी येऊन त्यांनी खूण म्हणून, 'पाणी पिऊन तोंड पुसते' असे लिहावयास सांगितले. कारकून म्हणाला, खूण डोळ्यांना दिसणारी हवी, कपाळीचा चांद लिहू. चांद पुष्कळ घोड्यांना असतो, असे आजोबांचे म्हणणे पडले, आणि तसे लिहिल्यावाचून सही होणार नाही. पंच ताटकळले. शेवटी डॉक्टरांनीच मान हलवली. दुपारी बार झाले. खोल खड्डे, चुना, गवताची होळी, डोण फोडणे हे सर्व कायद्याप्रमाणे पार पडले. आजीला काहीही झाले नाही. पागा पुन्हा भरली नाही.

पंचनाम्यात काय लिहिले ते आजीला संध्याकाळी कळले तेव्हा ती भडकली. "तोंड पुसते? कशाला पुसते? भिंतीला?"

आजोबा दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले. त्या पंचनाम्याची नक्कल आमच्या दप्तरात आहे; समासात निराळ्या शाईने 'मालकिणीचे पदरास' एवढे वाढवलेले असून खाली, दुरुस्ती मालकाच्या विनंतीवरून केली, असा कारकुनाचा शेरा आहे.