तेथें काय मिळतें ?

प्रश्न विचारणें हा आम्हां मास्तरांचा धंदाच आहे, आणि तीस वर्षें मी तो इमानेंइतबारें करीत आलों आहें. परंतु या तीस वर्षांत एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानांत आली. ती अशी, कीं आम्ही जे प्रश्न विचारतों ते उत्तर ऐकण्यासाठीं क्वचितच विचारलेले असतात. परीक्षेंतल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला अगोदरच ठाऊक असतें. आणि चौकशींतल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला ऐकायचेंच नसतें. या दुसऱ्या जातीचा एक प्रश्न मीं २००७ सालीं एका विद्यार्थ्याला विचारला होता. त्यानें दिलेलें उत्तर समजायला मला दीड तप लागलें.

त्या वर्षीं पुण्याजवळ, सिंहगडाच्या पायथ्याकडे चाललेल्या एका ‘रेव्ह पार्टी’वर पोलिसांनीं छापा घातला आणि अडीचशेंहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यांत घेतलें. कित्येक दिवस वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. पालक घाबरले, आणि पालक घाबरले म्हणजे कॉलेजें घाबरतात. आमच्याकडील एक मुलगा त्या रात्रीं तेथें नव्हता; परंतु असल्याच दुसऱ्या एका रात्रीं, दुसऱ्या एका ठिकाणीं तो गेला होता, असें कोणीं तरी कळविलें, आणि तिघां प्राध्यापकांच्या समितीपुढें त्याला उभें करण्यांत आलें. त्याच्याजवळ कांहीं सांपडलें नव्हतें. तो कांहीं प्यालाही नव्हता. तो रात्रभर नाचला होता, एवढेंच. तिघांत वयानें मी लहान, म्हणून कडकपणा दाखविण्याची हौस मला अधिक. मीं विचारलें, “तिथं काय मिळतं रे तुम्हांला ?”

मुलगा बराच वेळ टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, तिथं कुणी काही विचारत नाही.”

आम्ही तिघांनीं एकमेकांकडे पाहिलें. चौकशी करणाऱ्या समितीला हा टोला आहे, याविषयीं आमच्यापैकीं कोणालाही शंका वाटली नाहीं. नोंदवही माझ्यापुढें होती. ‘विद्यार्थ्यानें उद्धटपणाचें उत्तर दिलें,’ असें मीं माझ्या वळणदार अक्षरांत लिहिलें. त्या सत्रापुरतें त्याला निलंबित करण्यांत आलें. जूनमध्यें तो परत आला नाहीं.

हें सारें मी विसरलों होतों असें नाहीं. पण जें आठवत नाहीं आणि विसरतही नाहीं, अशा गोष्टींच्या कोनाड्यांत तें पडून होतें. गेल्या उन्हाळ्यांत तें अवचित बाहेर आलें.

बर्लिनला माझी भाची सहा वर्षें नोकरीनिमित्त राहते. तिच्याकडे मी महिनाभर राहिलों. पहिल्याच शनिवारीं मीं पाहिलें, कीं ही मुलगी रात्रीं नऊ वाजतां जेवून अंथरुणांत शिरली, तीनला उठली, स्नान केलें, चहा घेतला, आणि पिशवींत पाण्याची बाटली, कोरडा सदरा आणि कानांत घालावयाचे बोळे भरून घराबाहेर पडावयास निघाली. आमची आजी कार्तिकांत काकडआरतीला अशीच अंधारांत उठत असे. मीं तसें म्हणतांच ती हंसली. “मामा, मी नाचायला चाललेय. तुम्हांला बघायचं असेल तर चला पुढच्या शनिवारी. फक्त एक अट आहे. तिथं व्याख्यान द्यायचं नाही.”

ही अट तेथपुरती होती. वाचकांपुढें थोडें व्याख्यान दिल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. टेक्नो नांवाचें हें संगीत जन्मलें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं. मोटारींच्या कारखान्यांवर पोसलेल्या या शहराची वस्ती १९५० सालीं साडेअठरा लाख होती. १९९० सालीं ती दहा लाखांवर आली होती. धुराडीं थंड पडत होतीं, घरें ओस पडत होतीं. अशा काळांत, १९८० नंतरच्या पांचसात वर्षांत, जवळच्या बेलव्हिल गांवीं शाळेंत एकत्र शिकलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मित्रांनीं यंत्रांच्या आवाजांतूनच एक नाचाचें संगीत घडविलें. त्यांच्या हातीं आलेलीं साधनेंही गंमतीचीं होतीं. रोलंड या जपानी कंपनीनें त्या सुमारास साथीदाराची उणीव भरून काढण्यासाठीं ताल धरणारीं आणि खर्जाची साथ करणारीं यंत्रें काढलीं. खऱ्या तबलजीची सर त्यांना येईना. तीं बाजारांत फसलीं, थोड्याच वर्षांत त्यांचें उत्पादन बंद पडलें, आणि जुन्या बाजारांत पडेल किमतीला मिळूं लागल्यामुळें गरीब मुलांना परवडलीं. याच जातीचीं यंत्रें घेऊन मुंबईस चरणजित सिंग या चित्रपटसंगीतांतील वादकानें १९८२ सालींच भैरव, मालकंस आदि दहा राग नाचाच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले होते. त्या तबकडीकडे तेव्हां कोणीं ढुंकून पाहिलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां युरोपांतील जाणते चकित झाले, आणि सत्तरी उलटलेल्या या गृहस्थाला तिकडच्या रंगमंचांवर बोलावणीं आलीं. कोणाला कशांतून काय मिळेल, हें सांगणें खरोखरच कठीण आहे.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं पडली. शहराच्या पूर्व भागांत मालकी न ठरलेल्या रिकाम्या इमारती, तळघरें, गोदामें पुष्कळ होतीं. दोन्ही बाजूंचीं मुलें त्यांत शिरलीं आणि नाचूं लागलीं. वर्थाइम नांवाच्या एका जुन्या भव्य दुकानाच्या जमिनीखालील तिजोरीच्या खोलींत १९९१ सालीं ‘ट्रेझोर’ उघडलें; या शब्दाचा अर्थही तिजोरी असाच आहे. ती जागा पुढें गेली, आणि एका बंद पडलेल्या वीजकेंद्रांत ट्रेझोर नव्यानें उघडलें तें २००७ सालीं. ज्या वर्षीं आम्ही एका मुलाला दाराबाहेर काढलें, त्याच वर्षीं तें दार उघडलें होतें. २०२४ च्या मार्चमध्यें तर बर्लिनच्या या टेक्नो-परंपरेची नोंद जर्मनीनें आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत केली. नोंदवह्या ठिकठिकाणच्या, अक्षरें ज्याचीं त्याचीं.

तर त्या वीजकेंद्राच्या दाराशीं आम्ही पहांटे चारला पोंचलों. दारावरील बाईनें माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलें, कांहीं म्हटलें नाहीं, आणि माझ्या फोनच्या भिंगावर एक वाटोळी टिकली चिकटविली. आंत छायाचित्र घ्यावयाचें नाहीं. मग एक लांबलचक बोगदा, आणि त्याच्या टोंकाला अंधार, धूर आणि तो ठोका.

त्याला मीं आवाज म्हणणार नाहीं. कानांत बोळे असूनही तो बरगड्यांना ऐकूं येत होता. मीं एका खांबाशीं उभें राहून सवयीप्रमाणें परीक्षकाचें काम सुरू केलें. घड्याळ लावून ठोके मोजले. मिनिटाला एकशें पस्तीस. रागदारीवर वाढलेल्या माझ्या मनानें शेरा मारला : पुनरुक्ति फार. एका कोपऱ्यांत यंत्रांनीं भरलेल्या टेबलाशीं एक बाई वाकून बसली होती. ती तेथल्या तेथें तें संगीत रचीत होती. एखादी खुंटी किंचित् पिळी आणि मग कित्येक मिनिटें त्या बदलाचा परिणाम ऐकत राही. आश्चर्य असें, कीं तिच्याकडे कोणी पाहत नव्हतें.

आमच्या मैफलींत असें कधीं झालें आहे काय ? तेथें आम्ही गवयाकडे पाहतों, गवई आमच्याकडे पाहतो; आणि समेवर मान हलविणाऱ्या शेजाऱ्याला कळावें, कीं सम आपल्यालाही समजली, म्हणून आपणही मान हलवितों. मीं अशी मान शेंकडों वेळां हलविली आहे. तिच्यांतल्या किती माना गाण्यासाठीं होत्या, याचा हिशेब न केलेला बरा. येथें प्रत्येक ठोका हीच सम. ओळखायला कांहीं नाहीं, चुकायला जागा नाहीं, आणि कोण चुकला हें पाहायला कोणी मोकळा नाहीं. माझ्या शेजारीं साठीचा एक गृहस्थ डोळे मिटून जागच्या जागीं डुलत होता. त्याच्यापलीकडे एक मुलगी नाचत होती आणि रडतही होती. तिच्या मैत्रिणीनें तिला हाक मारली नाहीं, फक्त ती जरा तिच्या जवळ सरकली.

माझें पाऊल केव्हां हालूं लागलें तें मला ठाऊक नाहीं. कोणा अनोळखी पोरानें पाण्याची बाटली पुढें केली, तेव्हां तहान लागल्याचें कळलें. पुन्हां घड्याळ पाहिलें तों चाळीस मिनिटें गेलीं होतीं, आणि तेवढ्या वेळांत मनांत मीं एकही वाक्य जुळविलें नव्हतें. ही गोष्ट इतरांना क्षुल्लक वाटेल. पण ज्याचा जन्म वाक्यें जुळविण्यांत गेला, ज्याला आजारपणांतही आपल्या दुखण्याचें वर्णन आधीं सुचतें, त्याला ती सुटी केवढी वाटली म्हणून सांगूं ! चाळीस मिनिटें मी कोणाचा ‘सर’ नव्हतों, कोणाचा मामा नव्हतों. आणि तरीही एकटा नव्हतों.

घरीं येऊन पुस्तकें चाळणें हा आमचा दुसरा स्वभाव. विल्यम मॅकनील हे अमेरिकन इतिहासकार १९४१ सालीं सैन्यांत भरती झाले. टेक्सासच्या छावणींत तासन्‌तास निरर्थक कवायत करतांना आपल्याला एक विलक्षण बरें वाटे, जणुं आपण स्वतःहून मोठे झालों आहोंत असें होई, ही आठवण त्यांच्या मनांत पन्नास वर्षें राहिली. १९९५ सालीं तिच्यावर त्यांनीं एक सबंध ग्रंथ लिहिला. एका ठेक्यावर पुष्कळ देह हालूं लागले म्हणजे ‘मी’ची कड बोथट होते, हें त्यांचें म्हणणें मला आतां अंगानें पटलें आहे. पण याच ठेक्यावर सैन्यें चालत गेलीं आणि त्यांनीं गांवें जाळलीं, हेंही इतिहासांत आहे. ठेक्याला स्वतःची नीति नसते. रेव्हच्या जगांत अमली पदार्थ नाहींत असें म्हणणें खोटें होईल. त्यापायीं तरुण जीव गेले आहेत. २०१० सालीं जर्मनींतीलच ड्यूसबुर्ग येथें ‘लव्ह परेड’च्या गर्दींत चेंगरून एकवीस माणसें मेलीं. आमच्या समितीची भीति अगदींच निराधार नव्हती. तिचा दोष निराळा होता.

तो मला भाचीनें दाखविला. सकाळीं नऊच्या सुमारास आम्ही श्प्रे नदीच्या कांठीं एका बांकावर कॉफी घेऊन बसलों होतों. माझा उत्साह अनावर झाला होता. मीं तिला गांवाकडच्या सप्ताहाची, रात्रभर चालणाऱ्या नामाच्या गजराची, दिंडीची गोष्ट सांगूं लागलों. म्हटलें, हें सारें आपल्याकडे शेंकडों वर्षें आहेच. तिनें मध्येंच थांबविलें.

“मामा, प्रत्येक गोष्टीची वारी कशाला करता ? वारीत पंढरपूरला पोचायचं असतं. इथं कुणाला कुठंही पोचायचं नसतं. आणि दिंडीत पाय मुरगळला तर माणसं तुम्हांला उचलून नेतात, वर्षभर चौकशी करतात. इथं मी चार वर्षं येतेय. चेहरे ओळखीचे आहेत, नावं दहाबाराही माहीत नाहीत. मी यायची थांबले तर कितीजणांना कळेल, कोण जाणे.”

“मग कशासाठीं येतेस ?” मीं विचारलें. या खेपेस मला उत्तर ऐकायचें होतें.

ती थोडी थांबली. “आठवडाभर मला सगळे विचारतात. ऑफिसात विचारतात, तू मूळची कुठली ? आई फोनवर विचारते, लग्नाचं काय ? मीच मला विचारते, परत जायचं की राहायचं ? इथं पाचसहा तास कुणी काही विचारत नाही.”

तिचे शब्द जवळजवळ तेच होते. कॉफीचा पेला मीं बांकावर ठेवला आणि त्या मुलाची सारी हकीकत तिला सांगितली. नोंदवहींत लिहिलेल्या वाक्यासकट. तिनें ती शांतपणें ऐकली. मग म्हणाली, “त्याला लोक काय विचारत होते, हे विचारलंत का तुम्ही त्याला ?”

नव्हतें विचारलें. त्याच्या घरीं काय चाललें होतें, कोणत्या प्रश्नांपासून सुटण्यासाठीं तो पोर रात्रभर नाचला, जूनमध्यें तो कां आला नाहीं, यांतलें एकही वाक्य आमच्यापैकीं कोणाच्या तोंडून निघालें नाहीं. न विचारण्याचेहि दोन प्रकार असतात. त्या अंधारांत कोणी विचारीत नव्हतें, कारण तेथें आलेल्याला आहे तसा घेतलेला होता. आम्ही विचारलें नाहीं, कारण त्याच्याविषयीं आम्हांला जाणून घ्यावयाचें नव्हतें. त्या मुलाला एका ठिकाणीं जें मिळालें, त्याचीच उणीव त्याला आमच्याकडे भासत असली पाहिजे.

परत आल्यावर मीं त्याचा पत्ता काढण्याचा प्रयत्न केला. कचेरींत जुनी फाईल निघाली. तींतला पत्ता भाड्याच्या खोलीचा होता, आणि ती इमारत आतां उभी नाहीं. आज तो चाळिशीच्या जवळ आला असेल. कदाचित् त्यालाही एखादें मूल असेल आणि तोही त्याला प्रश्न विचारीत असेल. माझ्यापेक्षां बरे विचारीत असेल अशी आशा आहे. फाईलींत नोंदवहीचें तें पानही होतें. शाई थोडी फिकट झाली आहे. अक्षर मात्र अजून स्पष्ट वाचतां येतें. कचेरीचें दप्तर दुरुस्त करण्याचा मला अधिकार नाहीं. म्हणून ती दुरुस्ती येथें करतों : विद्यार्थ्यानें उद्धटपणाचें उत्तर दिलें नव्हतें. परीक्षकानें विचारलेल्या प्रश्नाचें त्यानें नेमकें उत्तर दिलें होतें. गुण द्यायचे मात्र राहून गेले.