उंची शाफ्टला विचारून
जिप्सीचे पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले की गाडी सुमारे पाच इंच उचलते, मोठे टायर मावतात आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण ट्रान्स्फर केस चॅसिसबरोबर वर जाते, एक्सल खालीच राहतो, आणि दोघांना जोडणारा प्रॉपेलर शाफ्ट तेवढाच तिरका होतो. संत तुकाराम नगरापासून भोसरी एमआयडीसीपर्यंतच्या पट्ट्यात पाइप कापून शाफ्ट लहानमोठा करणं, शाफ्टच्या टोकांचे यूजे क्रॉस बदलणं, बॅलन्सिंग करणं सहज होऊन जातं. त्यामुळेच शाफ्टचा विचार शेवटावर ढकलला जातो. माझ्या मते तो पहिला हवा. गाडी किती उचलायची हे टायरनं नव्हे, शाफ्टनं ठरवावं. क्रॉस कोनात फिरला की एकसारखा फिरत नाही, दर फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ५ अंशांना हा फरक एक टक्क्याच्या आत असतो, १० अंशांना तीन टक्के, २० अंशांना बारा टक्क्यांच्या वर. शाफ्ट आखूड असेल तर असे कोन फार लवकर गाठले जातात: ५० मिलिमीटर उंचीनं ९०० मिलिमीटरच्या शाफ्टचा कोन सुमारे तीन अंश वाढतो, ४५० मिलिमीटरच्या शाफ्टचा सहा. हा थरथराट बॅलन्सिंगनं जात नाही. बॅलन्सिंग वजनाचा दोष काढतं, कोनाचा नाही.

यावर म्हणतात, शाफ्टला दोन क्रॉस असतात, एकाची चूक दुसरा भरून काढतो. खरं आहे, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असतील तरच. आणि तेव्हाही मधला पाइप हिसके खातच राहतो. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात, पिनियनचं नाक वर उचलतं आणि जमवलेली बरोबरी मोडते. म्हणून तीव्र कोनाला मी ट्रान्स्फर केसकडे डबल जॉइंट लावण्याच्या बाजूचा आहे: मग पिनियन शाफ्टच्या रोखानं वळवायचा, उभ्या गाडीत अंशभर खाली ठेवून. सगळी कारागिरी पाट्यांचे पॅड वेल्ड करताना पणाला लागते. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरवर, पूर्ण वजन पाट्यांवर आलेलं; पिनियनच्या फ्लॅंजला चुंबकी अँगल मीटर; दोन टॅक मारायचे, गाडी हलवून पुन्हा मोजायचं, मगच पूर्ण वेल्ड. जॅकवर लटकलेल्या एक्सलचं माप खोटं असतं.

दुसरा आक्षेप असा की दगडांवर गाडी मुंगीच्या चालीनं जाते, तिथं थरथर कुणाला जाणवते? पण मावळातल्या त्या दगडांपर्यंत ती हायवेनंच जाते. ३१ इंची टायर आणि सव्वाचार गुणोत्तराचा क्राउन धरला तर ताशी ८० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ७५हून जास्त हिसके, आणि ते सगळे क्रॉसच्या सुया आणि पिनियनचं बेअरिंग झेलतात. उलट दगडांवर वेग नसला तरी लो गिअरचा सगळा जोर असतो, आणि चाक लोंबलं की कोन सर्वांत तीव्र. योकचे कान एकमेकांना टेकले की काहीतरी तुटणारच. तिथं एक्सलला पट्टा बांधून लोंबणं थोडं कमी करणं मला शहाणपणाचं वाटतं, एखादं चाक लवकर अधांतरी झालं तरी चालेल. पुढच्या एक्सलला तर पिनियन वळवायची मोकळीकही नाही. तो वर वळवला की कॅस्टरचा कोन जातो आणि नाशिक रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागतं. म्हणून पुढच्या शाफ्टला सोसेल तेवढीच उंची मागेही घ्यावी, आणि टायर त्यात मावतील तेवढेच.