गंजलेली कुऱ्हाड

मुंबईच्या भेंडीबाजारानजीक चोरबाजार आहे. तेथील पदपथावर मोडक्या कुलुपांच्या आणि बिजागऱ्यांच्या ढिगात कधी कधी कुऱ्हाडीचे पाते सापडते. दांडा केव्हाच गेलेला, अंगावर तांबडा गंज, धारेचे दात पडलेले. एके काळी या शहरात कुऱ्हाडीला रोजचे काम होते. गिरगाव-परळच्या चाळींत चुली पेटत होत्या, तोवर जळाऊ लाकडांच्या वखारींतून दिवसभर घाव ऐकू येत. पुढे रॉकेल आले, गॅस आला आणि कुऱ्हाडी अडगळीत गेल्या.

असले एक पाते लालबागच्या एका चाळीतील वृद्ध फिटरने विकत आणले. १९८२ च्या संपात त्यांची गिरणीतली नोकरी गेली होती. हातातले कसब मात्र गेले नव्हते.

नातू म्हणाला, "आजोबा, कोपऱ्यावरच्या ग्राइंडरवर धरलं, तर पाच मिनिटांत लखलखेल!"

"लखलखेल, पण मरेल," आजोबा म्हणाले.

लोहार पोलाद तापवून पाण्यात विझवतो, तेव्हा धारेला कठीणपणा येतो. यालाच पाणी देणे म्हणतात. वेगाने फिरणाऱ्या दगडावर पातळ धार क्षणात तापते. पिवळसर, मग जांभळी आणि शेवटी निळी दिसू लागते. निळी पडली की पाणी उतरले. तो रंग दिसतो मोठा सुंदर, हेच दुर्दैव! पुढे अशी धार चार घावांत वळते. पन्नास वर्षांच्या गंजाने जे बिघडत नाही, ते पाच मिनिटांच्या घाईने बिघडते.

आजोबांनी पाते रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले. तांब्याची भांडी ज्या आंबटाने उजळतात, त्यानेच लोखंडाचा गंज सुटतो. सकाळी पाते तारेच्या ब्रशाने घासून, धुऊन लगेच कोरडे केले आणि तेल चोळले. मग कानस! दात पडलेली कड घासून सरळ करण्यात तीन संध्याकाळी गेल्या. नातवाचे हात भरून आले आणि तोंडही फुगले. अखेरीस दगडावर पाणी शिंपडत धार लावली.

नेढ्यात बाभळीचा दांडा बसवून पाचर ठोकली. दांडा घट्ट व्हावा म्हणून कित्येकजण कुऱ्हाड पाण्यात बुडवतात. लाकूड फुगते खरे, पण सुकल्यावर अधिकच सैल होते. आणि सैल पाते निसटले, तर समोरच्याचा जीव जायचा. आजोबांनी दांडा जोराने झटकून पाहिला. एकदा नव्हे, तीनदा.

मे महिन्यात शेजाऱ्यांबरोबर ती कुऱ्हाड कोकणात, आजोबांच्या धाकट्या भावाकडे निघाली. पात्यावर गंजाने खाल्लेले बारीक खड्डे राहिलेच होते. नातवाने ते दाखवले.

"राहू देत," आजोबा म्हणाले. "धारेवर एकही नाही ना, तेवढं बघ."

नातवाने पाते उजेडात धरले आणि धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली.