गाडीखालचा पुठ्ठा

आमच्या सोसायटीत सध्या पार्किंगची फरशी बदलायचं घाटतंय. इमारत १९८८ सालची. खाली सगळी शहाबादी, आणि तिच्यावर इतक्या वर्षांत येऊन गेलेल्या तमाम स्कूटरी-मोटारींनी आपापल्या सह्या ठोकलेल्या. सगळ्यात मोठी सही आमच्या प्रीमियर पद्मिनीची. त्यामुळे चर्चा फरशीपासून सुरू होते आणि "सर, आता ती गाडी काढा की" इथे येऊन थांबते. चिरंजीवांचंही फोनवर तेच पालुपद. गाडीचे फिटनेस, पीयूसी सगळे कागद चोख आहेत हो! पण ठिपक्यापुढे कागदांना कोण विचारतो? शिवाय तुम्हा भाच्या-पुतण्यांपैकी दोघांच्या डोक्यात जुनी गाडी घ्यायचं खूळ शिरलंय असं कानावर आलं. तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

जुन्या गाड्या गळतात याचं कारण त्यांच्या सांध्यांत आहे. टॅपेट कव्हरखाली आणि चेंबरला बुचाचं पॅकिंग असायचं. बूच वर्षानुवर्षं गरम-गार होऊन आक्रसतं, कडक होतं. रबरी ऑइल सीलचंही तेच. मग मेस्त्री बोल्ट आवळतो, जरा जास्त आवळला की बूच चेपून फाटतं आणि गळती वाढते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर सील सुकतात, म्हणून फारशी न वापरलेली 'जपलेली' गाडी घेताना जास्त सावध राहा. आणखी एक. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. ती काजळीने तुंबली की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. दहा मिनिटांत नळी साफ करायच्या ऐवजी लोक इंजिन उतरवायच्या खर्चात पडलेले मी पाहिले आहेत.

चेतकची तऱ्हा वेगळी. टू-स्ट्रोक इंजिन, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पण गिअरबॉक्सचं तेल निराळं, ते खालून पाझरणार, आणि न जळलेलं काळं तेल सायलेन्सरमधून ठिबकणार. (ती सुरू करण्याआधी एका बाजूला कलती करायचा विधी ज्यांनी केलेला नाही, त्यांना आमची पिढी कळणं कठीण!)

आता फरशी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, तो तेल पितो. आमच्याकडे एकदा डाग काढायला कुणीतरी अ‍ॅसिड ओतलं. शाळेत आठवी-नववीला हा प्रयोग असतो: चुनखडीवर अ‍ॅसिड पडलं की फसफसतं. दगड खाल्ला गेला, तिथे खड्डे पडले, आणि तेल होतं तिथेच राहिलं! डांबराचा तर विचारच नको. डांबर आणि तेल दोघंही खनिज तेलाच्याच घरातले, तेल सांडलं की डांबर मऊ होऊन उखडतं. चकचकीत टाइल्स दिसायला छान, पण पावसाळ्यात तेलावर पाणी पडलं की घसरगुंडी, आणि आमच्या सोसायटीत निम्मी मंडळी साठीच्या पुढची. एपॉक्सीवरचं तेल फडक्याने पुसून निघतं खरं, पण खालून ओल येत असेल तर ती पापुद्र्यासारखी सुटते. तळाला ओल येणाऱ्या आमच्या इमारतीत तो खर्च वायाच जायचा.

कमिटीचा कल गडद रंगाच्या पेव्हर ब्लॉककडे आहे. "डाग दिसणार नाही" हा त्यांचा मुख्य मुद्दा. माझा विरोध नेमका त्यालाच. डाग दिसायला हवा! ब्लॉकच्या सांध्यांतल्या वाळूतून तेल मुकाट जमिनीत जाणार आणि मालकाला पत्ता लागणार नाही. मला विचाराल तर फिकट रंगाचा, जरा खरखरीत सिमेंटचा कोबा सर्वांत उत्तम. आणि जुन्या गाडीखाली रोज रात्री एक पांढरा पुठ्ठा.

पुठ्ठा सकाळी वाचायचा. पुढच्या बाजूला काळपट तपकिरी ठिपका म्हणजे इंजिन ऑइल. घट्ट आणि उग्र वासाचा म्हणजे गिअरचं. हिरवट पाणी म्हणजे कूलंट. आणि चाकाच्या आतल्या अंगाला पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली तर गाडी जागची हलवू नका. ते ब्रेक ऑइल असू शकतं. शंका असेल तर थोडं पाण्यात टाकून पाहा. इंजिन ऑइल वर तरंगून इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवतं, नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं.

२००९ च्या मे महिन्यात आम्हाला वाईला लग्नाला जायचं होतं. डबे भरून तयार, नातवंडं गाडीत बसायच्या घाईत, आणि मागच्या डाव्या चाकाजवळ पुठ्ठ्यावर तळहाताएवढी ओल. सौ. म्हणाल्या, "अहो, नेहमीचंच असेल, उशीर होतोय." पण नेहमीचा ठिपका पुढे असतो, हा मागे होता. मेस्त्री माझाच जुना विद्यार्थी. त्याने ड्रम उघडला तर व्हील सिलिंडरचं रबर गेलेलं, लायनर भिजून चिंब. तो एवढंच म्हणाला, "सर, खंबाटकीच्या उतारावर पॅडल तळाला गेलं असतं." आम्ही एसटीने गेलो. सौ. त्यानंतर स्वतः पुठ्ठे जमवून ठेवू लागल्या.

सांडलेल्या तेलावर पाणी मारू नका, पसरतं. लाकडाचा भुसा किंवा मुलतानी माती टाका, तासाभराने झाडून घ्या. या मातीची एक गंमत आहे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लो नावाचा तरुण तेल टिपण्यासाठी हीच माती विकत असे. शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली, त्याने ही माती दिली, आणि त्यातून कॅट लिटरचा धंदा उभा राहिला. आता न्यू जर्सीचा आमचा पुतण्या गॅरेजमध्ये तेल टिपायला कॅट लिटर वापरतो, म्हणजे माती फिरून मूळ जागी! जुन्या डागावर धुण्याचा सोडा, मुलतानी माती आणि गरम पाण्याचा लेप लावा, वर प्लास्टिक घालून रात्रभर ठेवा. तीन-चारदा केल्यावर डाग फिकटतो. पूर्ण जात नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

टिपलेलं तेल गटारात मात्र टाकू नका. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. मी कॅनमध्ये साठवून गॅरेजला देतो.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे साहेब धावत आले. महिन्यापूर्वी घेतलेली कोरी गाडी, आणि खाली थारोळं! चेहरा पडलेला. "काका, शोरूमवाल्यांनी फसवलं." मी बोट बुडवून वास घेतला. एसीचं पाणी होतं. तरी त्यांनी एक पुठ्ठा मागून नेला.