बासष्ट पॉइंट तीन टक्के

‘अगं, तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना?’

हा प्रश्न एकदाही ऐकला नाही असा आयटीवाला मला दाखवा, मी त्याला महिनाभर कटिंग पाजीन. आपण हिंजवडीत टेस्टिंगला असतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. (‘सासू व्हायची प्रॅक्टिस’ असं माझा टीम लीड म्हणतो.) पण गावाकडे याचा अर्थ एकच. कॉम्प्युटर बंद पडला की हिला बोलवा!

२०२३ ची दिवाळी. आईला भाऊबीजेला माहेरी न्यायचं होतं. माहेर म्हणजे मानवत, जिल्हा परभणी. मानवत रोड स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे, त्यामुळे उतरल्यावर आणखी एक प्रवास. बाहेरच्यांना मानवत म्हटलं की फक्त सत्तरच्या दशकातलं ते हत्याकांड आठवतं, २०२४ मध्ये त्यावर वेबसिरीजही आली. मला मात्र मानवत म्हटलं की जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या आठवतात आणि मामाचं दुकान.

मामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. झेरॉक्स, लॅमिनेशन, पावतीपुस्तकं आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा सीझन सुरू, म्हणजे दिवाळीच्या आसपास मामाला जेवायला फुरसत नसते. यंदा मात्र मामा ओसरीवर निवांत बसलेले. हे बघूनच मला शंका आली.

‘काय मामा, दुकान बंद?’

‘मशीन बसलंय गं बाई. अपडेट यायलं होतं अन् लाइट गेली. तवापासून असंच हाय बघ.’

असंच म्हणजे कसं? चालू व्हायचं, पण स्टार्ट मेनू उघडायचा नाही. प्रिंट दिली की सगळं गायब. मधूनच निळा स्क्रीन. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट गेली की तो चिमणीसारखा चिवचिव करायचा आणि दहा सेकंदांत गप्प.

दुरुस्तीवाला येऊन गेला होता. त्याचं निदान तुम्हाला पाठ असेलच : ‘फॉर्मेट मारावं लागतंय.’

एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण त्या मशीनवर मामाचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर होतं. त्याची सीडी घराच्या बांधकामात कुठे गेली कुणास ठाऊक आणि लायसन त्या एकाच मशीनवर बसवलेलं. फॉर्मेट मारलं की ते गेलं. सोळा पत्रिकांचे अ‍ॅडव्हान्स घेतलेले, तुळशीचं लग्न दहा दिवसांवर.

‘दहा मिनिटांचं काम आहे मामा,’ मी म्हटलं.

हे वाक्य मी का बोलले ते आजही मला कळलेलं नाही.

फंडा मला माहीत होता. विंडोजमध्ये एसएफसी नावाचं टूल असतं, सिस्टिम फाइल चेकर. स्टार्ट मेनूच उघडत नव्हता, म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर आणला. तिथून ‘रन न्यू टास्क’, त्यात सीएमडी, खालच्या अ‍ॅडमिनच्या चौकटीत टिक. काळी खिडकी आली. एसएफसी, स्पेस, स्लॅश, स्कॅननाऊ. एंटर!

मामेभाऊ मागे येऊन उभा राहिला. मामी पण. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पळायला लागली की बघणाऱ्यांना आपण एकदम हॅकर वाटतो. दहा मिनिटं माझा रुबाब फुल्ल टू होता. मग निकाल आला : खराब फाइल्स सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत.

‘म्हणजे?’ मामा.

म्हणजे असं, की एसएफसी स्वतः काही बनवत नाही. विंडोजच्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची एक चांगली प्रत मशीनमध्येच एका कोठारात ठेवलेली असते. विनएसएक्सएस असं त्या फोल्डरचं विचित्र नाव. फाइल खराब दिसली की एसएफसी कोठारातून चांगली आणून तिथे बसवतं. आता कोठारातलाच माल सडला असेल तर ते बिचारं काय करणार? अपडेटच्या मधोमध लाइट गेली तेव्हा नेमकं कोठाराचंच काम चाललं असणार. त्यासाठी दुसरं टूल आहे, डिस्म. ते आधी कोठार दुरुस्त करतं, त्यासाठी माल थेट मायक्रोसॉफ्टकडून मागवतं. मग परत एसएफसी चालवायचं.

मी हे समजावताना इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात अडखळायचे तशी अडखळत होते. मामांनी एका वाक्यात निकाल लावला.

‘म्हणजे दुकानातलं बियाणं बोगस निघालं. आता विद्यापीठातून मूळ बियाणं आणायचं.’

परभणीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. पैदासकार बियाणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, ही साखळी इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. साखळीतलं वरचं बियाणं खराब असलं तर खाली कितीही चांगला पेरा, काय उगवणार? आमच्या ट्रेनिंगवाल्याने चार स्लाइड्समध्ये जे सांगितलं नसतं ते मामांनी बसल्या जागी सांगितलं.

तर डिस्म. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, रिस्टोअर हेल्थची लांबलचक कमांड टाइप केली. टक्के वाढायला लागले. वीसवर बराच वेळ रेंगाळलं, मग पुढे सरकलं आणि बासष्ट पॉइंट तीनवर थांबलं.

थांबलं म्हणजे थांबलंच. पाच मिनिटं, दहा, वीस. मामीने चहा आणून ठेवला, तो गार झाला. मामेभाऊ कंटाळून क्रिकेट खेळायला गेला. आई मात्र हटली नाही. ‘एवढं शिकलीस आणि एवढंसं होईना?’ हे तिने तोंडाने म्हटलं नाही, पण मुलीला आईचे डोळे वाचता येतात.

अर्ध्या तासाने मी खिडकी बंद केली.

ही माझी चूक. डिस्मचे टक्के म्हणजे एसटीच्या टायमासारखे, त्यावर घड्याळ लावायचं नाही. आकडा थांबला म्हणजे काम थांबलं असं नसतं, आतमध्ये हजारो फाइल्स तपासणं चालू असतं. खरंच अडकलंय की नाही ते बघायचं तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क हलतेय का बघा, किंवा विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमधल्या सीबीएस लॉगची साइज वाढतेय का बघा. वाढत असेल तर गप्प बसा. हे सगळं मी टीमच्या एका मित्राला फोन करून विचारलं, अंगणाच्या टोकाला जाऊन, हळू आवाजात. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, ‘डिस्क तपासलीस का? हार्ड डिस्कच मरत असेल तर हे सगळं मढ्याला औषध.’

तपासली नव्हती! आणि डेटाचा बॅकअपही घेतला नव्हता. ऑफिसात हे कुणी ज्युनिअरने केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मामेभावाचा लॅपटॉप आणि दोन पेनड्राइव्ह घेतले (माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावायची बंदी). क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. निळ्या चौकटीत ‘गुड’ आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मग बॅकअप. पत्रिकांचे फोल्डर वर्षावार लावलेले, अगदी नीट. शेवटी एक फोल्डर होता, नाव नुसतं ‘आई’.

कॉपी झालंय का बघायला मी त्यातली एक फाइल मामेभावाच्या लॅपटॉपवर उघडली. पानभर अगम्य रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हं. जुन्या मराठी फाँटची हीच गंमत. युनिकोडच्या आधी प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने मराठी अक्षरं बसवली होती. तो फाँट असला तर ‘क’, नसला तर कचरा. मग मामांच्या मशीनवरचे फाँटही कॉपी केले, लॅपटॉपमध्ये टाकले, फाइल पुन्हा उघडली.

ओव्या होत्या. आजीच्या जात्यावरच्या. ती गेली २०२१ मध्ये. त्याआधी दोन वर्षं दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती सांगायची आणि मामा टाइप करायचे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही. गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं, जनाबाईंचं गाव, त्यामुळे दळण आणि ओवी हे इथे घराघरांत असणारच. पण आपल्या आजीच्या ओव्या, आणि त्याही अशा एका फाँटच्या भरवशावर बसलेल्या...

आई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मग तिने मला काही विचारलं नाही.

मामांना मी म्हटलं, ‘हे आधी का नाही सांगितलं? फॉर्मेट मारून बसला असता तर?’

‘त्याला म्हटलं व्हतं की मी, पत्रिका हायत म्हणून. आता आईचं काय सांगायचं त्याला,’ मामा म्हणाले आणि झेरॉक्स मशीन उगाचच पुसायला लागले.

त्या रात्री डिस्म पुन्हा लावलं. या वेळी घरातल्या इन्व्हर्टरची वायर ओढून दुकानात आणली. पुन्हा बासष्ट पॉइंट तीन. पण आता आम्ही शहाणे झालो होतो. मामा आणि मी खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी २००२ मध्ये परभणीहून विंडोज ९८ चं सेकंडहँड मशीन आणलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यावर पेंटमध्ये घरं काढायचे. नंतर एक्सपी आलं, मामांनी एमएससीआयटी केलं, सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. ‘तवाबी हे तुझं एसएफसी व्हतं,’ मामा म्हणाले, ‘पण ते सीडी मागायचं. सीडी घाला म्हणून अडून बसायचं.’ मी चाट! जे मी सकाळपासून त्यांना शिकवत होते ते मामांनी माझ्या शाळेच्या दिवसांत वापरलेलं होतं. मग मला दहा मिनिटांचं काम म्हणू का दिलं? ‘तू मनलीस म्हणून.’

तासाभराने डिस्मने हात टेकले. एरर आला, 0एक्स८००एफ०८१एफ. अर्थ एकच, लागणाऱ्या मूळ फाइल्स सापडत नाहीत.

थोडक्यात, मामांनी सांगितलेली सीडीच हवी होती. फक्त आता तिचं नाव आयएसओ आणि वजन पाच जीबीच्या आसपास. मोबाइलचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक त्यापुढे काय पुरणार? सकाळी मामेभावाच्या मित्राच्या ई-सेवा केंद्रावर गेलो, तिथे फायबर होतं. उतारे, दाखले, फॉर्म यांच्या गर्दीत एका कोपऱ्यात आमचं डाउनलोड. व्हर्जन तंतोतंत जुळायला हवं, म्हणून विनव्हर कमांडने आधी बघून ठेवलं होतं : विंडोज १०, २२एच२.

घरी येऊन आयएसओ उघडला. डिस्मला सांगितलं, नेटवर जाऊ नकोस, माल या फाइलमधून घे. पुन्हा तोच एरर! आता मात्र मी रडकुंडीला आले. लॅपटॉप मिटून पुण्याची गाडी पकडावी असं वाटलं. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. त्या एका फाइलमध्ये विंडोजच्या होम, प्रो अशा बऱ्याच आवृत्त्या असतात, प्रत्येकीला नंबर असतो. मामांचं मशीन प्रो आणि मी नंबर होमचा दिलेला. सोयाबीनच्या शेताला कापसाचं बियाणं! फाइलची यादी काढली, बरोबर नंबर टाकला.

हेही फसलं असतं तर त्याच आयएसओमधून विंडोजवर विंडोज बसवायचं, फाइल्स आणि प्रोग्रॅम्स तसेच ठेवून, हा शेवटचा उपाय हाताशी होता. पण ते सगळं मशीन ढवळून काढतं. लाइटचा भरवसा नाही, त्या जुन्या सॉफ्टवेअरचाही नाही. मला तिथपर्यंत जायचं नव्हतं.

वीस टक्के. मग बासष्ट पॉइंट तीन. बाहेर फटाके वाजत होते. पाऊण तास आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. मामांनी मध्येच लॉगची साइज बघितली आणि मान डोलावली, वाढतेय. मग एकदम आकडा सुटला आणि शंभर. कोठार दुरुस्त. त्यानंतर एसएफसी : खराब फाइल्स सापडल्या आणि सगळ्या दुरुस्त झाल्या. खात्रीसाठी पुन्हा एकदा चालवलं, या वेळी एकही दोष नाही. मशीन रिस्टार्ट. स्टार्ट मेनू उघडला!

मामी म्हणाली, ‘एवढ्याचसाठी दोन दिवस?’

मामांनी पहिली पत्रिका प्रिंटला टाकली. ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ या ओळीत ‘हं’वरचा टिंब पुसट आला, म्हणून त्यांनी पान फाडलं आणि पुन्हा काढलं. दुसऱ्या दिवशी यूपीएसला नवी बॅटरी बसली. ओव्यांची फाइल मी पुण्याला आणली आणि युनिकोडमध्ये करायला घेतली. कन्व्हर्टरने जोडाक्षरांचा चुथडा केला, त्यामुळे प्रत्येक ओळ हाताने तपासावी लागते. अजून निम्म्या राहिल्यात. आई रविवारी येऊन बसते आणि आजीचा उच्चार कसा होता ते सांगते, त्यात जास्त वेळ जातो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मामांनी ते मशीन इंटरनेटपासून तोडलं. नेटच्या कामाला दुसरं घेतलंय, पत्रिका मात्र त्यावरच. मध्यंतरी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. शेजारच्या मोबाइलवाल्याचा लॅपटॉप बिघडला होता आणि तो मामांकडे घेऊन आला होता.

‘काही अडलंय का मामा?’

‘न्हाई गं. बासष्ट पॉइंट तीनवर आलंय. ते पोरगं बंद करा म्हनायलंय, त्याला जरा सांग तू.’

मी मीटिंग म्यूट केली आणि सांगितलं.