नाळ नसलेली नौका

आर्गो आता आकाशात नाही. तिचे तारे जागच्या जागी आहेत, पण त्यांना मिळून आर्गो म्हणणारं कुणी उरलेलं नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं ४८ तारकासमूहांची यादी केली. त्यातले ४७ समूह आजही आकाशाच्या नकाशात आहेत. मेंढा आहे, विंचू आहे, पंखांचा घोडा आहे, सासरा-सासू-लेक-जावई असं अँड्रोमेडाचं सगळं घराणं आहे. आज मान्य असलेल्या ८८ समूहांत त्या यादीतली एकटी आर्गो नाही. एवढ्या आकाशातून एकच कथा गळावी आणि ती नेमकी या नौकेची असावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती बांधली गेली थेसलीच्या किनाऱ्यावर, पेलियन डोंगराच्या पायथ्याशी. लाकूड त्याच डोंगरावरच्या पाइनचं. बांधणारा आर्गॉस, म्हणून ती आर्गो. वल्ही पन्नास. पण नाळेला, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, अथीना देवीनं स्वतःच्या हातानं एक तुळई बसवली होती. ती डोडोनाच्या ओकची. डोडोनाला झ्यूसचं जुनं देवस्थान होतं. तिथल्या ओकच्या पानांची सळसळ ऐकून कौल सांगितला जाई. ज्या झाडाला वाचा होती, त्याची तुळईही बोलकी निघाली. आर्गो वाट सांगायची, धोक्याची सूचना द्यायची, चुकलेल्या माणसांना त्यांचा दोष तोंडावर ऐकवायची. ग्रीकांच्या कथांत बोलणारी जनावरं आहेत, देव तर पदोपदी बोलतात; पण ज्या लाकडावर आपला जीव टाकून बसायचं त्यालाच वाचा द्यावी, ही कल्पना खऱ्या दर्यावर्दी माणसांनाच सुचावी.

निमित्त झालं सोन्याच्या लोकरीचं. फ्रिक्सस आणि हेली या सावत्र आईच्या जाचातल्या भावंडांना पाठीवर घेऊन सोनेरी मेंढा उडाला. हेली वाटेत समुद्रात पडली. त्या सामुद्रधुनीला ग्रीक लोक तिच्याच नावानं हेलेस्पाँट म्हणत राहिले. फ्रिक्सस कोल्खिसला, म्हणजे आजच्या जॉर्जियात पोचला. मेंढ्याचा तिथे बळी गेला आणि आकाशात मेष रास उमटली. ती लोकर घेऊन ये, असं पुढे आर्गोचा नायक झालेल्या जेसनला त्याच्या काकानं सांगितलं. पुतण्या परत येऊ नये, हाच त्यातला हेतू.

पन्नास वल्ह्यांवर ग्रीसमधले निवडक वीर बसले. कॅस्टर आणि पॉलिड्युसीस हे जुळे भाऊ होते. वीणा घेऊन ऑर्फियस होता. सायरेनांच्या जीवघेण्या गाण्यावर त्यानं आपलं गाणं चढवलं आणि नौका पुढे काढली. हेराक्लीस होता, पण तो निम्म्या वाटेवरच मागे राहिला. त्याचा लाडका हायलास पाणी भरायला गेला तो परतलाच नाही, आणि त्याला हाका मारत हेराक्लीस रानात फिरत असताना नौका सुटली. सुकाणू धरणारा टिफिस काळ्या समुद्राच्या काठी आजारानं गेला. एकमेकांवर आदळणाऱ्या दोन खडकांमधून जाताना आधी कबुतर सोडलं, त्याची शेपटीची पिसं तुटली. मागोमाग आर्गो सुटली, तिच्या पिछाडीचं टोक तुटलं. एवढ्यावर निभावलं.

परतीच्या वाटेवर वादळानं त्यांना लिबियाच्या उथळ किनाऱ्यावर नेऊन टाकलं. ओहोटी लागली, पाणी मागे हटलं आणि चहूकडे वाळू. तेव्हा त्या माणसांनी आर्गोला खांद्यावर घेतलं. बारा दिवस आणि बारा रात्री ते तिला वाळवंटातून वाहून नेत होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ऱ्होड्सच्या अपोलोनियसनं ही कथा काव्यात सांगितली. सगळ्या आर्गो-कथेत मला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. लोकर मिळवायला कोल्खिसच्या राजकन्येची, मेडियाची जादू लागली. नौका वाचवायला मात्र माणसांचे खांदेच लागले.

आणि शेवट? जेसननं नौका कॉरिंथच्या संयोगभूमीवर पोसिडॉनला वाहिली. ज्या मेडियानं त्याच्यासाठी बाप सोडला, भावाचं रक्त सांडलं, तिला टाकून त्यानं कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न करायचं ठरवलं. मेडियानं त्याला निर्वंश केलं. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर युरिपिडीसनं ही गोष्ट आणली, तेव्हा त्यानं मेडियाच्या तोंडी जेसनचं मरणही घातलं: आर्गोचाच एक तुकडा डोक्यात पडून तू मरशील. पुढे सांगणाऱ्यांनी ते चित्र पुरं केलं. म्हातारा, एकटा जेसन किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आर्गोच्या सावलीत निजला आहे. लाकूड किडलं आहे, सांधे सुटले आहेत, फळ्यांच्या फटींतून ऊन आत येतं. त्यातलं एक लाकूड निखळतं आणि खाली येतं. ते लाकूड बोलक्या ओकचं होतं का, हे कुणी सांगितलेलं नाही. मला वाटतं, तेच असावं. आणि पडताना ते गप्प राहिलं असावं.

आर्गो आकाशात गेली तीही अर्धीच. ग्रीक कवी अरॅटसनं तिचं वर्णन केलं आहे: मोठ्या श्वानाच्या शेपटीमागून ती ओढली जाते, पिछाडी पुढे करून, डोलकाठीपासून मागचा भाग ताऱ्यांनी उजळलेला, नाळेकडचा अंधारात. बंदरात शिरताना खलाशी नौका वळवून मागच्या अंगानं किनाऱ्याला लावतात, तशी ती चालते असं तो म्हणतो. म्हणजे जिथे वाचा होती तो भागच आकाशात आला नाही.

या अर्ध्या नौकेचे पुढे तुकडे झाले. निकोला लाकाय हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपला राहिला आणि जेमतेम अर्ध्या इंच भिंगाच्या दुर्बिणीतून त्यानं जवळजवळ दहा हजार दक्षिणी ताऱ्यांची नोंद केली. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. इतक्या अफाट नौकेत तारे मोजायचे तर भाग पाडणं त्याला भागच होतं. त्यानं तिचे तळ, पिछाडी आणि शिडं असे भाग केले. डोलकाठीपाशी एक होकायंत्रही मांडलं, जे ग्रीक खलाशांनी कधी पाहिलं नव्हतं. पण नौका त्याच्या मनात एकच होती. त्याचा पुरावा आजही आहे. ठळक ताऱ्यांना त्यानं दिलेली ग्रीक अक्षरं साऱ्या नौकेला मिळून एकदाच वाटलेली आहेत. अल्फा आणि बीटा तळाकडे, म्हणजे कॅरिनात गेले. गॅमा आणि डेल्टा शिडांकडे, व्हेलात. झीटा पिछाडीला, पपिसमध्ये. पुढे १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं ८८ नावं कायम केली, १९३० मध्ये त्यांच्या सीमारेषा छापल्या गेल्या आणि वाटणी पक्की झाली. आज व्हेलात अल्फा नाही, पपिसमध्येही नाही. वडिलोपार्जित भांडी वाटून घेतलेल्या भावांच्या घरांत कुणाकडे झाकण, कुणाकडे पातेलं असावं, तसं हे झालं आहे.

खलाशीही पांगले आहेत. जुळे भाऊ मिथुन राशीत आपल्या जवळजवळ डोक्यावर येतात. त्यांची नौका खाली, पार दक्षिण क्षितिजाकडे. ऑर्फियसच्या वीणेतला तारा म्हणजे आपला अभिजित. आपल्याकडून पाहताना अगस्त्य मावळल्यावर मगच तो उगवतो. गाणाऱ्याची वीणा आणि नौकेचं सुकाणू यांची गाठ पडत नाही.

अगस्त्य म्हणजे याच नौकेच्या सुकाणूच्या वल्ह्यावरचा तारा. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की खुद्द अथेन्समधून तो दिसतच नाही. तो तिथल्या क्षितिजाखालीच राहतो. ऱ्होड्सवरून तो क्षितिजाला जेमतेम टेकतो आणि अलेक्झांड्रियात चांगला वर येतो, एवढ्या फरकावरून पोसिडोनियस या ग्रीक विद्वानानं पृथ्वीचा परीघ काढायचा प्रयत्न केला होता. आणि पृथ्वीचा अक्ष २६,००० वर्षांचा फेरा घेत कलत चालल्यामुळे, अरॅटसच्या काळी अथेन्सच्या क्षितिजावर किंचित वर येणारे शिडाचे काही तारेही आता तिथे उगवत नाहीत. ज्यांनी तिला आकाशात नेलं, त्यांच्याच गावातून नौका बुडते आहे.

आपल्याकडे ती अजून तरंगते. पुण्या-मुंबईहून अगस्त्य क्षितिजावर अठरा अंशांपर्यंत चढतो, गोव्यात आणखी थोडा वर. कोकणातल्या एखाद्या अंधाऱ्या पुळणीवर उभं राहून मी त्याच्याकडे पाहतो, तेव्हा तो खालच्या दाट हवेतून लाल-हिरवा लकाकत असतो. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी आणि समुद्र कापणारं सुकाणू एकाच ताऱ्यात आहेत, आणि मला त्यातलं एकही सोडवत नाही.

त्या तुकड्यांत अजून खूप काही घडतं आहे. तळाच्या भागातला ईटा नावाचा तारा १८४३ मध्ये भडकून व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला आणि मग मंदावत गेला. शिडांमध्ये हजारो वर्षांपूर्वी स्फोट पावलेल्या ताऱ्याचा गाभा सेकंदाला अकरा वेळा स्वतःभोवती फिरतो. जेम्स वेब दुर्बिणीनं जुलै २०२२ मध्ये जगाला दाखवलेल्या पहिल्या चित्रांतले ते धुळीचे, तांबूस कडे याच तळाशी आहेत. ते चित्र कोट्यवधी लोकांनी पाहिलं. आर्गोचं नाव त्या वेळी फारसं कुणी घेतलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. मार्चच्या सुरुवातीला, अमावास्येच्या आसपास, रात्री दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशा जागी मुलांना घेऊन जा. व्याध शोधा. त्याच्या खाली, क्षितिजाकडे अगस्त्य दाखवा. मग डावीकडे सरकत चार ताऱ्यांचा खोटा क्रॉस दाखवा. त्यातले दोन तारे तळाचे आहेत आणि दोन शिडाचे. कॅरिना, पपिस, व्हेला ही नावं त्यांना सांगा, ती बरोबरच आहेत आणि परीक्षेत तीच लागतील. पण त्याआधी आर्गो हे एक नाव सांगा.